ग्रंथालयात घडलेला भयकथाकार



लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका ग्रंथालयाच्या तळघरात एके काळी टाइपरायटरांची खोली होती. आज ते ग्रंथालय पॉवेल ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. तेथे रांगेने मांडलेल्या यंत्रांना नाणे टाकण्याची फट असे. दहा सेंटचे नाणे आत सरकवले की यंत्र अर्धा तास चाले, मग मुकाट बंद पडे. १९५० सालच्या सुमारास तिशीला आलेला एक लेखक खिशात सुटी नाणी खुळखुळवीत तेथे येऊ लागला. घरी तान्ही मुलगी होती. लिहायला बसावे तर तिच्याशी खेळण्याचा मोह आवरत नसे. बाहेर खोली भाड्याने घ्यावी एवढी ऐपत नव्हती. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या गर्दीत बसून, घड्याळावर एक डोळा ठेवून, हा गृहस्थ भराभर टंकन करी. हात थकले की जिना चढून वरच्या दालनात जाई, कपाटांमधून फिरे, हाताला येईल ते पुस्तक उघडून चार ओळी वाची, आणि पुन्हा तळघरात उतरे. नऊ दिवसांत नऊ डॉलर ऐंशी सेंट खर्च झाले. हिशेब केला तर ते एकोणपन्नास तास भरतात. तेवढ्या वेळात सुमारे पंचवीस हजार शब्दांची एक दीर्घकथा सिद्ध झाली. तिच्यात एक असे नगर होते की जेथे बंबवाले आग विझवीत नाहीत, पुस्तके जाळतात; त्यांच्या नळातून पाण्याऐवजी रॉकेल येते.

हे लेखक म्हणजे रे ब्रॅडबरी. ती दीर्घकथा फेब्रुवारी १९५१ मध्ये 'गॅलक्सी' या मासिकात 'द फायरमन' या नावाने छापली गेली, आणि वाढवून १९५३ साली 'फॅरेनहाइट ४५१' या नावाने पुस्तकरूपाने आली. जगभरच्या ग्रंथप्रेमींना ब्रॅडबरी माहीत आहेत ते या पुस्तकामुळे. तथापि त्यांची पहिली ओळख वेगळी होती. स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या, गुळगुळीत रंगीत मुखपृष्ठांच्या भयकथा-मासिकांचे ते लेखक होते. 'फॅरेनहाइट'चा सन्मान करणारे पुष्कळ वाचक ती पहिली ओळख सौजन्याने विसरतात. तसे करणे म्हणजे झाडाचे फळ घेऊन मुळाला नावे ठेवण्यासारखे आहे.

रे डग्लस ब्रॅडबरी यांचा जन्म २२ ऑगस्ट १९२० रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील वॉकेगन या गावी झाला. मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे गाव. वडील विजेच्या व टेलिफोनच्या तारा ओढण्याचे काम करीत. आई मूळची स्वीडनची. घर बेताच्या परिस्थितीचे. मुलाच्या कल्पनाशक्तीला खतपाणी मिळाले ते दोन वाटांनी. आई चित्रपटांची शौकीन. तीन वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन तिने लॉन चेनीचा 'द हंचबॅक ऑफ नोत्रदाम' दाखवला. दुसरी वाट आत्या नेव्हा हिची. ती चित्रे काढी, नाटकांचे कपडे शिवी, आणि भाच्याला एडगर ॲलन पो वाचून दाखवी. एवढ्या लहान वयात पो ऐकवावा की नाही, यावर आपल्याकडील आजीबाई जे म्हणतील ते उघड आहे. परंतु त्या मुलाच्या घरात भय कथांतूनच येत होते असे नव्हे. पाच वर्षांचा असताना आजोबा गेले. सात वर्षांचा असताना धाकटी बहीण न्यूमोनियाने गेली. गावाच्या मधोमध एक खोल घळ होती. रात्री तिच्या काठाने घरी यावे लागे. घरातही न्हाणीघर जिन्याच्या वरच्या टोकाला, आणि दिव्याचे बटण तेथेच. अंधारात चढून जाताना वर काहीतरी उभे आहे अशी रेची खात्री असे. ही घळ आणि हा जिना त्यांच्या कथांत पुढे साठ-सत्तर वर्षे येत राहिले.

गावात कार्नेगीच्या देणगीतून उभारलेले सार्वजनिक ग्रंथालय होते. थोरल्या भावाबरोबर रे तेथे जाई. एडगर राइस बरोज यांच्या मंगळावरील साहसकथांनी त्याला वेड लावले. पुढचा भाग विकत घेण्यास पैसे नव्हते, तेव्हा बाराव्या वर्षी त्याने तो स्वतःच लिहून काढला. त्याच सुमारास गावात एक फिरती जत्रा आली होती. तीत विजेच्या खुर्चीवर बसणारा 'मिस्टर इलेक्ट्रिको' नावाचा जादूगार होता. अंगातून वीज खेळत असताना त्याने तलवारीचे टोक या मुलाच्या कपाळाला लावले आणि चिरंजीव होण्याचा आशीर्वाद दिला, अशी हकिकत ब्रॅडबरी जन्मभर सांगत. तपशिलाची चिकित्सा चरित्रकारांनी करावी. एवढे मात्र खरे की जत्रा, जादूगार आणि मरणाला चुकवण्याची आस या तिन्ही गोष्टी त्यांच्या लेखनातून कधी हटल्या नाहीत.

१९३४ साली मंदीच्या काळात कामाच्या शोधात कुटुंब लॉस एंजेलिसला आले. १९३८ मध्ये रे शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि शिक्षण तेथेच संपले. महाविद्यालयाची फी भरणे शक्य नव्हते. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून तो वर्तमानपत्रे विकू लागला. आणि आठवड्यातून तीन दिवस, सलग दहा वर्षे, तो सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसे. कथा, काव्य, नाटके, निबंध, जे कपाट समोर येईल ते वाचून संपवावयाचे, असा क्रम. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ग्रंथालयाने आपल्याला पदवी दिली, असे ते म्हणत. हा केवळ विनोद नव्हता. पुढे विद्यापीठांनी त्यांना व्याख्यानांसाठी सन्मानाने बोलावले, तरी ते आपले विद्यापीठ म्हणून ग्रंथालयाचेच नाव घेत. ज्या ग्रंथालयांच्या सभासदत्वासाठी ना प्रमाणपत्र लागते ना परीक्षा, त्यांना या एका उदाहरणाचा अभिमान वाटावा.

लेखनाची उमेदवारी दीर्घ होती. आठवड्याला एक कथा असा त्यांनी नेम ठेवला होता. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये 'पेंड्युलम' ही हेन्री हॅस यांच्या समवेत लिहिलेली कथा छापून आली. साडेसत्तावीस डॉलर मिळाले, ते निम्मे निम्मे वाटून घेतले. कथा सामान्यच होती. खरा लेखक प्रकट झाला तो पुढच्या वर्षी, 'द लेक' या कथेत. तिची हकिकत सांगितल्यावाचून ब्रॅडबरींचे भय म्हणजे काय ते कळणार नाही.

त्या काळी ते कागदावर नुसती नामे लिहून काढीत: तळे, घळ, माळा, रात्र, जत्रा. मग त्यांतल्या एका शब्दाकडे टक लावून बसत, आणि तो शब्द कोठे नेतो ते पाहत. एके दिवशी 'तळे' या शब्दाने त्यांना बालपणीच्या सरोवरावर नेले. कथा अगदी साधी आहे. बारा वर्षांचा मुलगा आणि त्याची मैत्रीण किनाऱ्यावर वाळूचे किल्ले करीत. अर्धा त्याने करावयाचा, अर्धा तिने. एके दिवशी ती पाण्यात जाते आणि परतत नाही; देहही सापडत नाही. गाव सोडून जाण्यापूर्वी तो अर्धा किल्ला बांधून तिला हाक मारतो. दहा वर्षे जातात. लग्न करून, नव्या पत्नीला घेऊन तो गावी येतो. त्याच दिवशी किनाऱ्यावरचा रक्षक पाण्यातून एक लहानसे गाठोडे बाहेर काढतो. मुलगी आहे तेवढीच आहे. वाढला आहे तो फक्त हा. आणि पुढे वाळूवर अर्धा बांधलेला एक किल्ला दिसतो, पाण्यातून आलेली आणि पाण्यातच परतलेली लहान पावले दिसतात. तो उरलेला अर्धा किल्ला पुरा करतो आणि वळून पत्नीकडे पाहतो, तर ती परकी बाई वाटते.

दोन तासांत ही कथा लिहून झाली तेव्हा लेखकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आपण प्रथमच काही खरे लिहिले, हे त्यांना त्याच क्षणी उमगले. १९४४ च्या मे महिन्यात ती 'वीअर्ड टेल्स' या मासिकात आली. हाडे खुळखुळवणारा सांगाडा नाही, रक्तपात नाही, शाप नाही. भय आहे ते विसरल्याचे, आणि विसरलेले परत येण्याचे. मासिकाच्या संपादकांना रूढ भुताखेतांच्या कथा हव्या असत. या तरुणाच्या कथा त्यांच्या साच्यात बसत नसत, तरी ते छापीत राहिले, याबद्दल वाचकांनी त्यांचे ऋणी असावे. 'स्केलेटन' या कथेतील माणसाला एकाएकी जाणीव होते की आपल्या आत एक सांगाडा राहतो आहे, आणि तो त्याला भिऊ लागतो. 'द क्राउड' मध्ये प्रत्येक अपघाताच्या जागी क्षणार्धात जमणाऱ्या गर्दीत तेच ते चेहरे एका माणसाला दिसू लागतात. तरुणपणी पाहिलेल्या एका भीषण अपघाताचे हे बीज. त्या दृश्याचा परिणाम असा की मंगळावर अग्निबाणांचे तांडे पाठवणाऱ्या या लेखकाने स्वतः उभ्या आयुष्यात कधी मोटार चालवली नाही, आणि तीही लॉस एंजेलिससारख्या शहरात राहून!

अशा मासिकांना मराठी वाचक अनोळखी नाही. अनंत अंतरकरांच्या 'नवल'ने अद्‌भुत आणि भयकथांना हक्काचे अंगण दिले. नारायण धारपांची पुस्तके हातोहात फिरून खिळखिळी होत आली. पण ती ठेवावयाची कोणत्या कपाटात, वर्गणीदारांचा पैसा त्यांवर किती खर्चावा, आणि अहवालात त्यांचा उल्लेख करावा की करू नये, हा संकोचही ग्रंथालयांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेत तो होताच. 'वीअर्ड टेल्स'च्या लेखकाला शब्दामागे अर्धा किंवा एक सेंट मिळे, आणि प्रतिष्ठित मासिकांचे संपादक त्याचे पाकीट उघडण्याची घाई करीत नसत. ब्रॅडबरींची 'होमकमिंग' ही कथा तर 'वीअर्ड टेल्स'नेही परत केली. पिशाच्चांच्या कुटुंबात जन्मलेल्या, पण दुर्दैवाने साध्यासुध्या माणसासारख्या असलेल्या मुलाची ती कथा. घरातले सगळे उडतात, रात्री जागतात, अमर आहेत, आणि हा एकटा मर्त्य. त्यांनी ती चक्क 'मादमोआझेल' या स्त्रियांच्या मासिकाकडे धाडली. तेथे आगंतुक हस्तलिखितांच्या ढिगातून ती उचलली ट्रुमन कपोटी या तरुण सहायकाने, जो पुढे स्वतः नामवंत लेखक झाला. ऑक्टोबर १९४६ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि १९४७ च्या ओ. हेन्री पारितोषिक-कथांच्या संग्रहात तिची निवड झाली. त्याच वर्षी आर्कहॅम हाउस या छोट्या प्रकाशनसंस्थेने 'डार्क कार्निव्हल' हा पहिला कथासंग्रह काढला. प्रती तीन हजारांच्या आसपास.

त्याच वर्षी मार्गरीट मॅक्लूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ओळखही पुस्तकांमुळेच. ती पुस्तकांच्या दुकानात काम करी. मोठा कोट घालून, हातात बॅग घेऊन कपाटांपाशी घुटमळणारा हा तरुण पुस्तके चोरतो, असा तिला संशय आला होता! विवाहानंतर तिने नोकरी करून घर चालवले आणि त्यांनी लिहावे, अशी वाटणी झाली.

१९४९ साली पत्नी गरोदर असताना ब्रॅडबरी बसने न्यूयॉर्कला गेले आणि स्वस्तातल्या वसतिगृहात उतरून प्रकाशकांचे उंबरे झिजवू लागले. सर्वांचे उत्तर एकच: लघुकथा नको, कादंबरी आहे काय? डबलडे या संस्थेचे संपादक वॉल्टर ब्रॅडबरी (आडनाव एक, नाते नाही) यांनी सुचवले की मंगळाविषयीच्या सुट्या कथा एका धाग्यात ओवता येतील. त्या रात्रीच वसतिगृहात आराखडा टंकून झाला. 'द मार्शियन क्रॉनिकल्स' १९५० साली प्रसिद्ध झाले. पुस्तकांच्या दुकानात योगायोगाने भेटलेल्या ख्रिस्तोफर इशरवूड या इंग्रज साहित्यिकाच्या हाती त्यांनी भीत भीत एक प्रत ठेवली. इशरवूडने लिहिलेल्या परीक्षणाने एका रात्रीत साहित्याच्या माजघराचे दार उघडले.

विज्ञानकथा विज्ञानाशी इमान राखणारी असावी, असा आग्रह मराठीत जयंत नारळीकरांनी धरला होता. त्या कसोटीला ब्रॅडबरींचा मंगळ उतरत नाही. तेथे माणसे खुशाल श्वास घेतात, कालव्यांतून होड्या जातात, आणि ओसरीवर बसून लिंबाचे सरबतही पितात. ब्रॅडबरींना याची लाज नव्हती. आपल्या पुस्तकांत विज्ञानकथा म्हणावे असे एकच, 'फॅरेनहाइट', बाकी सारे कल्पित, असे ते सांगत. मंगळ त्यांना हवा होता तो पृथ्वीवरील माणसांना दुरून पाहण्यासाठी. याच पुस्तकात अणुयुद्धानंतरच्या एका घराची कथा आहे. घर यंत्रांनी चालते. न्याहारी तयार होते, झाडलोट होते, संध्याकाळी कविता वाचून दाखवली जाते. माणसे मात्र नाहीत. भिंतीवर त्यांच्या आकृत्या तेवढ्या उमटल्या आहेत. मूळ पुस्तकात या कथेची तारीख ऑगस्ट २०२६ अशी होती. १९९७ च्या आवृत्तीत सगळ्या तारखा एकतीस वर्षांनी पुढे ढकलल्या गेल्या. भय अर्थातच ढकलले गेले नाही.

मात्र या पुस्तकातील 'अशर २' ही कथा त्यांच्या भयकथेला आणि ग्रंथप्रेमाला जोडणारा सांधा आहे, आणि तिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. स्टेन्डाल नावाच्या माणसाचे पन्नास हजार ग्रंथ पृथ्वीवर सरकारी आज्ञेने जाळले गेले आहेत. जाळण्याचा आरंभ कोठून झाला? थोर तत्त्वज्ञांपासून नव्हे. प्रथम चित्रपट्ट्यांच्या पुस्तिका, मग गुप्तहेरकथा, मग पोच्या भयकथा, मग परीकथा. जे जे हलके, निरुपयोगी, मनाला विकृत करणारे म्हणून सज्जनांनाही वाटत होते, ते ते आधी गेले, आणि कोणी हरकत घेतली नाही. मंगळावर हा माणूस पोच्या कथेतले भयाण घर हुबेहूब उभारतो, पुस्तके जाळणाऱ्या अधिकाऱ्यांना मेजवानीला बोलावतो, आणि एकेकाला पोच्या एकेका कथेतील रीतीने ठार करतो. शेवटच्या अधिकाऱ्याला तो तळघरात साखळ्यांनी बांधून समोर विटांची भिंत रचतो. पोची ती कथा त्या अधिकाऱ्याने वाचली असती तर काय घडणार हे त्याला आधीच कळते आणि तो वाचता. पण जाळण्यापूर्वी त्याने ती वाचली नव्हती. सूड क्रूर आहे, आणि कथेला त्याचा थोडा अधिकच आनंद होतो, हे मान्य केले पाहिजे. तरी वर्गणीच्या पैशातून 'हलकी' पुस्तके घ्यावीत की नाही, या विषयावर होणाऱ्या सभेत ही कथा आधी वाचून दाखवावी अशी आहे.

ब्रॅडबरींच्या मनात हे जळते पुस्तक फार लहानपणी शिरले होते. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय जळाले, हे शाळकरी वयात ऐकून तो मुलगा रडला होता. पुढे नाझींनी बर्लिनच्या रस्त्यांत पुस्तकांच्या होळ्या केल्या, ती चित्रफीत त्याने चित्रपटगृहात पाहिली. अमेरिकेतच १९५० च्या आसपास सिनेटर मॅकार्थी यांच्या आरोपसत्राने लेखक-कलावंतांची झोप उडवली होती. या सर्वांतून 'फॅरेनहाइट ४५१' उभे राहिले. कागद कोणत्या तापमानाला पेट घेतो, हे त्यांनी अग्निशामक दलाला दूरध्वनी करून विचारले, आणि मिळालेला आकडाच पुस्तकाचे नाव झाला. कागदागणिक तो बदलतो, असे जाणकार सांगतील. नाव मात्र बदलणार नाही.

मोंटॅग हा बंबवाला निष्ठेने पुस्तके जाळतो. एका म्हाताऱ्या बाईच्या घरी धाड पडते. ती पुस्तके सोडून बाहेर येण्यास नकार देते, आणि स्वतःच काडी ओढते. ज्या वस्तूसाठी माणूस जळून मरू शकतो तिच्यात आहे तरी काय, हा प्रश्न मोंटॅगला स्वस्थ बसू देत नाही. घरी पत्नी कानात शिंपल्याएवढी श्रवणयंत्रे घालून पडलेली, भिंतीएवढ्या पडद्यांवरील माणसांना आप्त मानणारी. १९५३ साली हे लिहिणे ही दृष्टी विलक्षणच म्हटली पाहिजे. आणखी भेदक आहे ती बीटी या वरिष्ठाची कबुली. सरकारने बंदी घालण्यापूर्वीच लोकांनी वाचणे सोडले होते. पुस्तके आखूड होत गेली, कोणाचे मन दुखवू नये म्हणून एकेक ओळ खरवडली गेली, आणि शेवटी जाळण्याजोगे फारसे उरलेच नव्हते. दोष सत्तेवर ढकलून मोकळे होण्याची सोय हे पुस्तक वाचकाला देत नाही. शेवटी मोंटॅग शहराबाहेर पळतो, तेथे रेल्वेरुळांच्या कडेने भटकणारी माणसे भेटतात. प्रत्येकाने एकेक ग्रंथ मुखोद्गत केलेला आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी ती लोकांच्या मुखी होती, असे ज्या परंपरेत सांगितले जाते तिला हा शेवट समजावून सांगावा लागत नाही.

जाता जाता एक गंमत. मोंटॅग हे एका कागद कारखान्याचे नाव, आणि त्याला आश्रय देणाऱ्या वृद्ध प्राध्यापकाचे फेबर हे नाव पेन्सिलींवर छापलेले असते. हे ब्रॅडबरींच्या ध्यानात आले ते पुस्तक लिहून फार वर्षे झाल्यावर!

या पुस्तकाच्या नशिबी जे आले ते मात्र गमतीचे नव्हे. १९६७ पासून प्रकाशकांनी शाळांसाठी एक वेगळी आवृत्ती काढली. तीत सुमारे पंचाहत्तर ठिकाणी मजकूर बदलला होता. शिव्या गाळल्या, दारू प्यालेल्याला आजारी केले. लेखकाला विचारले नव्हते. १९७३ पासून तर काही वर्षे बाजारात हीच सोवळी आवृत्ती मिळत होती. पुस्तकांची कापाकापी हाच ज्या पुस्तकाचा विषय, त्याची कापाकापी झाली आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आली नाही. १९७९ मध्ये विद्यार्थी-वाचकांच्या पत्रांतून लेखकाला ते कळले. मूळ पाठ पुन्हा जुळवला गेला, आणि ब्रॅडबरींनी त्याला एक संतप्त उपसंहार जोडला. अन्याय झाला की ते नेहमी रागावतच असे नाही. १९५२ साली एका चित्रकथा-मासिकाने त्यांच्या दोन कथा परस्पर जोडून चोरल्या, तेव्हा त्यांनी चित्रांची तारीफ करून, मानधनाचे पन्नास डॉलर पाठवायचे नजरचुकीने राहिलेले दिसते, असे गोड पत्र लिहिले होते. पैसे आले, आणि पुढील कथा परवानगीने घेतल्या गेल्या. पंचाहत्तर ठिकाणच्या कात्रीपुढे मात्र हा गोडवा टिकला नाही.

१९६२ साली आलेली 'समथिंग विकेड धिस वे कम्स' ही कादंबरी त्यांच्या भयकथेचा कळस होय. ऑक्टोबर महिन्यात एका गावात मध्यरात्री जत्रा उतरते. तेथील लाकडी घोड्यांचे चक्र पुढे फिरले की माणूस वयाने वाढतो, उलटे फिरले की लहान होतो. गावातील असमाधानी माणसे एकेक करून त्याच्या जाळ्यात सापडतात. तेरा वर्षांच्या दोन मुलांना हे गुपित कळते. त्यांना वाचवणारा वीर कोण? तर त्यांतील एकाचा चोपन्न वर्षांचा बाप, जो गावच्या ग्रंथालयात झाडलोट करतो. रात्रभर तो जुन्या पुस्तकांतून या जत्रेचा माग काढतो. जत्रेचा मालक मुलांना शोधीत ग्रंथालयातच येतो, आणि अंधारात कपाटाकपाटांतून हिंडत त्यांना हाका मारतो, तो प्रसंग एकट्याने रात्री वाचू नये. त्या अशुभ शक्तीला शेवटी शस्त्र पुरे पडत नाही, मंत्रही नाही. बाप खदखदून हसतो, आणि चेटकिणीचे बळ सरते. झाडू मारणाऱ्याला नायक करणारी दुसरी ग्रंथालय-कादंबरी सहज आठवत नाही.

त्यानंतरचे लेखन विपुल असले तरी समान उंचीचे नाही. कविता हळव्या, पुष्कळशा कथा पूर्वीच्याच सुरावर आळवलेल्या. विशेषणांचा मोह उतारवयात वाढला. चित्रपट, दूरदर्शन, नाटक या सर्व क्षेत्रांत त्यांनी काम केले. जॉन ह्यूस्टन यांच्या 'मोबी डिक'ची पटकथा त्यांनी लिहिली. सन्मान उशिरा, पण ओंजळ भरून आले: १९७७ मध्ये जागतिक अद्‌भुतसाहित्याचा जीवनगौरव, पुढे भयकथालेखकांच्या संघटनेचा ब्रॅम स्टोकर जीवनगौरव, २००० मध्ये नॅशनल बुक फाउंडेशनचे पदक, २००४ मध्ये राष्ट्रीय कलापदक, २००७ मध्ये पुलित्झर मंडळाचे विशेष मानपत्र. भयकथाकारांनी आणि विद्वन्मंडळाने एकाच माणसाच्या गळ्यात हार घालावा, असे क्वचित घडते. १९९९ साली पक्षाघाताचा झटका आल्यावरही लेखन थांबले नाही. दूर राहणाऱ्या मुलीला ते दूरध्वनीवरून मजकूर सांगत आणि ती टंकून घेई.

अखेरच्या वर्षांत चाकांच्या खुर्चीत बसून ते गावोगावच्या ग्रंथालयांसाठी बोलत. २००९ साली कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा येथील एक ग्रंथालय पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात होते. एकोणनव्वदीला टेकलेले ब्रॅडबरी जून महिन्यात तेथे निधी जमवण्यासाठी गेले. सभेला गर्दी झाली, पैसेही जमले, पण पुरे पडले नाहीत. वर्षअखेरीस त्या ग्रंथालयाला कुलूप लागले.

५ जून २०१२ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. दोन महिन्यांनी मंगळावर उतरलेल्या 'क्युरिऑसिटी' या यंत्रवाहनाच्या अवतरणस्थळाला त्यांच्या ब्याण्णवाव्या जन्मदिनी 'ब्रॅडबरी लँडिंग' हे नाव देण्यात आले. थडग्यावर नावाखाली एवढेच कोरले आहे की हे 'फॅरेनहाइट ४५१'चे लेखक. घरातली त्यांची स्वतःची पुस्तके त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे खोक्यांत भरून, ज्या गावी त्यांचा जन्म झाला, त्या वॉकेगनच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे रवाना झाली.